चांगुणाच्या वतीनं

माझ्या लिंबाजीमामाला माफी मागायची खोडच होती. स्वतःच्या चुकीची तर मागायचाच, पण दुसऱ्याच्याही. नवरा-बायको भांडले की नवऱ्याच्या वतीनं बायकोची, बैल कुणाच्या रानात शिरला की बैलाच्या वतीनं रानवाल्याची. मामा ख्रिस्ती, धंद्यानं शिंपी. महिन्याच्या पहिल्या रविवारी उदगीरहून पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, येत आणि आमच्या चार घरांना प्रभुभोजनाची भाकर देत. मनात भांडण ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नाही, असा आमच्यात नेम आहे. मामानं तो नेम अख्ख्या गावाला लावून घेतला होता. आदल्या शनिवारी मशीन झाकायचा आणि भांडणं मिटवत फिरायचा. लोक हसायचे, पण भांडणं मिटायची हे खरं.

लातूर जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती, आणि त्या साली पावसानं तोंडच दाखवलं नाही. अहमदपूरकडच्या आमच्या गावात पंचायतीच्या एकाच विहिरीला पाणी उरलं. एका शुक्रवारी तिथं चांगुणा पाणी शेंदत होती. चांगुणा बौद्ध, वस्तीत आमच्या शेजारीच राहणारी. तिच्या पोहऱ्यातलं पाणी सरपंच ईश्वरप्पांच्या बायकोच्या, कमलम्माच्या घागरीत उडालं. कमलम्मानं भरलेली घागर तिथंच ओतून दिली. तसल्या दिवसांत! चांगुणानं तिला सगळ्यांदेखत झाडलं, "पानी बाटतंय व्हय? मंग ह्या हिरीचं पिऊच नगा!" काय चुकीचं बोलली ती?

पण मामाला महिन्याचा पहिला रविवार दिसत होता. दुसऱ्या दिवशी तो कमलम्माच्या दारात हात जोडून उभा राहिला. "आक्का, चांगुणाच्या वतीनं मी माफी मागून राहिलो. चुकलं म्हना आन् सोडून द्या." चांगुणाला विचारावं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. बैलाला तरी कुठं विचारलं होतं! कमलम्मा निवळली, तिनं चहासुद्धा दिला. तो कप वेगळा ठेवलेला होता, हे मामाच्या ध्यानात आलं नाही. रविवारी त्यानं हलक्या मनानं भाकर घेतली.

सोमवारी ईश्वरप्पांनी विहिरीवर येऊन सांगितलं, आधी गाव भरील, मग वस्ती. "तुमच्याच मान्सानं चूक कबूल केली की." गावाचं होईस्तोवर दुपार व्हायची आणि वस्तीच्या वाट्याला गाळ यायचा.

चांगुणा गप्प बसणाऱ्यातली नव्हती. पूर्वी कलेक्टर उस्मानाबादला, आता लातुरात, एका एसटीच्या अंतरावर. ती जाऊन अर्ज देऊन आली. चौकशीला साहेब आले, तेव्हा ईश्वरप्पांनी मामालाच पुढं केलं.

"या बाईच्या वतीनं तुम्ही माफी मागितली होती?" साहेबांनी विचारलं.

सगळी वस्ती मामाकडं बघत होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, नाही म्हण रे, एकदा तरी खोटं बोल.

"हाव साहेब, मागितली. पर तिची चूक न्हवती."

"चूक नव्हती, तर माफी कशाची?"

मामानं सवयीनं हात जोडले. गावानं आपसात मिटवलंय, असं म्हणून साहेब जीपमध्ये बसले. मला मामाचा इतका राग कधी आला नव्हता, आणि त्याची इतकी कीवही.

मग मामा ईश्वरप्पांच्या दारी खेटे घालू लागला. ते हसून म्हणायचे, "मिटलेलं कशाला उकरून राहिलास, लिंबाजी?" पाळकांना सांगितलं, त्यांनी प्रार्थना केली. विहिरीचा नियम काही बदलला नाही. पुढच्या महिन्यात मामानं प्रभुभोजन घेतलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मशीनवर बसायचा, पण शिवण वाकडी जायची. काय करावं ते त्याला कळत नव्हतं, मलाही नाही.

शेवटी मीच त्याला धरून चांगुणाकडं नेलं. ती फडक्यातून गढूळ पाणी गाळत होती. मामा उंबऱ्याशी बसला आणि ढसाढसा रडला. "चांगुणे, चूक झाली. मला माफ कर."

तिनं वर बघितलं. आवाजात रागही उरला नव्हता.

"ही कुनाच्या वतीनं, दादा?"

"माझ्याच," मामा म्हणाला. पुन्हा म्हणाला. ती पाणी गाळत राहिली.