मामांचा नारळ

अख्ख्या रत्नागिरीत देवाला इतकी कामं सांगणारा दुसरा माणूस झाला नसेल. माझ्या सासूबाईंचे हे मावसभाऊ, त्यांचा दादा आणि आम्हा सगळ्यांचे मामा, नगरपरिषदेच्या वृद्धनिवासात राहायचे. रोज सकाळी चहाच्या आधी ओसरीवर नारळ हातात धरून ते गाऱ्हाणं घालत. गुडघे, नातवंडांच्या परीक्षा, तुंबलेली मोरी, राजापूरहून उशिरा येणारी एसटी, काहीही त्यात चाले आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी "होय महाराजा" म्हणायचंच. एकदा पाहणीला आलेल्या नगरसेवकांसमोर त्यांनी गिझरचं गाऱ्हाणं घातलं आणि खुद्द त्यांच्याकडूनच होय वदवून घेतलं. गिझर चार दिवसांत दुरुस्त झाला. नारळ मात्र कायम तोच. फोडला तर उद्या काय धरू, असं त्यांचं म्हणणं.

मी दर रविवारी सकाळी डबा घेऊन जाई, पण होय कधी म्हटलं नाही. मला लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही. ओसरीवर होय म्हणणारी माणसं आठ असली तरी होय नऊ ऐकू येत. मी दोनदा मोजले. मामा चहाही स्वतःचा सोडून नऊ कप सांगत. नववा कोणाचा, असं विचारलं तर कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "गुरुजींचा. शिमग्याआधी वारले, पण सकाळची हजेरी चुकवीत नाहीत." थोड्या वेळाने तो कप रिकामा दिसला. मी मांजराला बोल लावला. कोरा चहा पिणारं मांजर मी अजून पाहिलेलं नाही.

पुढे माझं ऑपरेशन ठरलं आणि सासूबाईंना पंधरा दिवस तिथे ठेवावं लागलं. घरच्या माणसाला उसंत मिळावी म्हणून ती सोय आहेच. पण त्यांची आठवण विरत चालली होती. मुंबईला नोकरी करणाऱ्या लेकाला त्या केव्हाच विसरल्या होत्या, ओळखत होत्या फक्त मला. पंधरा दिवसांत मीही पुसली जाईन, या धास्तीने मी फाटकातच रडले. मामा म्हणाले, "बाय, तू निर्धास्त जा. रोज तुझं नाव गाऱ्हाण्यात घालतो. होय म्हणता म्हणता तिच्या ध्यानात राहील."

आठव्या दिवशी मामा झोपेतच गेले. मला दवाखान्यात फोनवर कळलं. मी त्यांच्यासाठी रडले, आणि आता माझं नाव कोण घेणार म्हणूनही रडले. हे दुसरं सांगायला आजही संकोच वाटतो.

सोळाव्या दिवशी सकाळी गेले तर नारळ खिडकीत होता आणि सगळे मुकाट्याने चहाची वाट बघत बसले होते. सासूबाईंनी मान वर केली.

"सुमन, आलीस गो?"

मी त्यांच्या पायाशीच बसले. नाव कसं लक्षात राहिलं, विचारलं.

"दादा रोज सांगतो ना. आत्ताच सांगून बसला," असं म्हणून त्या कोपऱ्याकडे बघून हसल्या.

मामा गेल्यापासून गाऱ्हाणं बंदच आहे, असं तिथे देखभाल करणाऱ्या बाईंनी मला हळूच सांगितलं. कोपऱ्यात आता दोन खुर्च्या होत्या. दुसरी कोणी मांडली, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

निघण्याआधी मी दोन कप कोरा चहा ओतून तिथे ठेवला, पदर सावरला आणि जन्मात पहिल्यांदा म्हटलं, "होय महाराजा." मामांनी ते ऐकलं असावं, असं मला अजून वाटतं.