रांगेतला हंडा

दगडफेकीनंतर आमच्या वस्तीत समोरासमोरची घरंही बोलत नाहीत. समेटाच्या बैठका होऊन होऊन सगळे दमलेत, मीसुद्धा. नळावर मात्र रांग एकच.

आई तापाने पडलेली, म्हणून सकाळी मी हंडा रांगेत लावला आणि पायरीवर पुस्तक उघडून बसल्याबसल्या झोपले. जाग आली तेव्हा पाणी गेलं होतं, पण आमचा हंडा भरलेला होता. समोरच्या शकूमावशींनी तो पुढे सरकवत नेला होता.

"ए कॉलेजवाली, आईला सांग, मी अजून तिच्याशी बोलत नाही."

वस्ती अशी हंड्याहंड्याने सावरत असेल का? मला नीट सांगता येत नाही.

आईला सांगितलं. कूस बदलून ती म्हणाली, "मीही बोलत नाही. उद्या तिचाही हंडा लाव."