डोंगर उजव्या हाताला

गेल्या वाटेने परत येणं हा आमच्या साडूंच्या लेखी मनुष्यजन्माचा अपमान आहे. खोटं बोलणं, दुसऱ्याच्या वाडीतले चिकू तोडणं वगैरे पापं त्यानंतर येतात. "गेल्या वाटेने गुरं परत येतात, साडूबुवा. माणसाने पुढच्या वाटेने घरी यावं," हे मी माझ्या लग्नापासून ऐकतो आहे. त्या लग्नातही हे मांडवाच्या तोंडातून आत आले आणि आचाऱ्याच्या चुलाणामागून बाहेर पडले, आणि निम्मं वऱ्हाड त्यांना पंगतीसाठी शोधत बसलं. सासुरवाडीला ते पुढच्या दाराने येतात आणि मागच्या दाराने जातात, म्हणून आमच्या सासूबाई जावई यायचे म्हटलं की आधी मोरीतली भांडी आवरायच्या. डहाणूतल्या माझ्या चष्म्याच्या दुकानाला एकच दार आहे. त्यामुळे हा गृहस्थ आजतागायत दुकानात शिरलेला नाही. त्यांचे डोळे मी त्यांना पायरीवर उभं करून तपासले. अक्षरांचा तक्ता आत, साडू रस्त्यावर, आणि मधून येणारीजाणारी माणसं "काका, खालची ओळ चुकली हां" म्हणून मदत करत होती.

अशा माणसाच्या हाती सायकल पडली तर काय होईल? दोन हजार चौदा साली, पन्नाशी उलटल्यावर, ते वापीहून गिअरची सायकल घेऊन आले आणि माझे रविवार बुडाले. नरपडला त्यांची चिकूची वाडी आहे. तिथून निघायचं, समुद्राच्या कडेकडेने सुरूच्या बनांतून घोलवड, बोर्डी गाठायचं, तिथे उजवीकडे वळून डोंगर चढायचा, पलीकडे तलासरीला उतरायचं आणि शेताशेतांतल्या आडरस्त्यांनी कैनाडवरून घरी. बोर्डीपर्यंत सगळं गोड आहे. वाऱ्याला मिठाचा वास, रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्या, सायकल आपली आपण पळते. पुढे मात्र रस्ता जो तोंड वर करतो, तो बघूनच माझी मांडी दुखायला लागते. मी पायथ्याशी उतरतो आणि सायकल हातात धरून सभ्य माणसासारखा चालू लागतो. साडूंना हे पाहवत नाही. पण मी साडू पडलो, बायकोच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला त्यांना फार बोलता येत नाही.

एकदा धापा टाकत मी विचारलं, "अहो, उलट्या बाजूने का नाही येत आपण? तलासरीकडून चढ निम्मासुद्धा नाही." ते सायकलवरून जवळजवळ पडलेच. "डोंगर डाव्या हाताला घालू म्हणता? प्रदक्षिणा आहे ही! देव उजव्या हाताला हवा."

"देव? कुठला देव?"

"ते ठरवायचंय अजून. आधी एक प्रदक्षिणा पुरी तर होऊ दे."

म्हणजे देव ठरलेला नाही, प्रदक्षिणा मात्र सुरू! एका हिवाळ्यात मुंबईकडचे सात-आठ सायकलवाले, अंगाला चिकटलेले रंगीबेरंगी कपडे घालून, समोरून आमच्या उलट दिशेने उतरत आले. साडूंनी रस्त्याच्या मधोमध हात आडवा केला आणि त्यांना असं काही झापलं, की आजपासून हा रस्ता एकदिशा झाला असावा अशी त्यांची समजूत झाली. बिचारे "सॉरी अंकल" म्हणत वळले आणि तो अख्खा चढ चढून गेले. तसे घट्ट कपडे साडूंकडेही आहेत म्हणा. पण ताईने, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीने, "त्या चड्डीत गावातून जाल तर मी माहेरी जाईन" अशी तंबी दिल्यापासून ते वरून ढगळ खाकी हाफ पँट घालतात. हेल्मेटखाली पांढरी टोपी, आणि पाठीवरच्या खिशात वाडीतले पिकलेले चिकू. केळं त्यांना चालत नाही. "केळं काय, आजाऱ्याला नेतात ते," असं त्यांचं मत आहे. खड्ड्यात चाक आदळलं की ते चिकू पाठीवरच फुटतात आणि मग तलासरीपर्यंत मुंग्याही आमच्याबरोबर प्रदक्षिणा घालतात.

सायकलशी ते बोलतात. उतारावर मराठीत आणि चढावर गुजरातीत. "वापीची आहे, कष्टाचं बोलणं तिला तिच्या भाषेत कळतं," हा खुलासा. त्यांचा श्वास फुलला की मागे चालणाऱ्या मला ऐकू यायचं, "चाल बेन, चाल, हवे थोडुंज छे!" आणि ते 'आता थोडंच राहिलं' कधी संपत नसे. कारण त्या चढावर एक ताडाचं वळण आहे. रस्ता तिथे भिंतीसारखा उभा राहतो, आणि तिथे दर रविवारी, न चुकता, साडूंचा पाय जमिनीला टेके. प्रदक्षिणेचा नेम त्यांनीच केलेला: चढावर पाय टेकला की ती फेरी बाद. ते घाम पुसत, वळून मला म्हणत, "आजची धरू नका, साडूबुवा." ताडाखाली चहाची टपरी असलेली मावशी आधण ठेवता ठेवता विचारी, "आज पन टेकला ना, काका?" काका मान हलवत, तिला दोन चिकू देत आणि पुढे निघत. पावसाळे गेले, सायकलचे टायर बदलले, माझी मुलगी कॉलेजात गेली. इतक्या वर्षांत धरण्यासारखी फेरी एकही नाही. मी थट्टा करायचो, पण त्यांच्या मनाला ते खरंच लागलेलं होतं. एकदा चहा पिताना फार हळू म्हणाले, "एक, एकच धरायला मिळावी हो. मग सायकल टांगून ठेवीन."

आणि दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्यात त्यांचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी सपाट रस्त्याला परवानगी दिली आणि चढ साफ बंद केला. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी नरपडला पोचलो तर साडू सायकल घेऊन वाडीच्या दारात उभे, खाकी पँट, टोपी, चिकू, सगळा जामानिमा! त्याआधीच ताईचा फोन येऊन गेला होता. "त्यांना चढू द्याल तर माझी शपथ आहे तुम्हाला." बोर्डीपर्यंत ते पुढे, मी मागे. ज्या चढावरून मागे फिरायला मिळावं म्हणून मी पाच वर्षं देवाचा धावा केला, तिथे आज मलाच त्यांना अडवायचं होतं.

अडवावं लागलंच नाही. पायथ्याशी रस्त्याखालून डोंगराचा ओहोळ वाहतो, तिथे लहानशी मोरी आहे. तिच्या अलीकडे साडू थांबले आणि त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर टेकले. वाकून खालचं पाणी पाहिलं. मग एकदम कपाळावर हात मारून घेतला.

"साडूबुवा, चुकलं हो आपलं! हा डोंगर महादेव आहे."

"कशावरून?"

"हे काय, गोमुख! पिंडीवरचं पाणी वाहून येतं तसं येतंय की नाही? अन् शंकराला पूर्ण प्रदक्षिणा घालतात का कधी? पन्हळीपर्यंत जायचं आणि मागे वळायचं. आपण दर रविवारी ती ओलांडत होतो. म्हणून तर तो वर पाय टेकायला लावत होता!"

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. गेल्या वाटेने जन्मात परत न आलेला हा माणूस, त्याला मागे फिरायला एक अख्खा महादेव लागला. मी म्हटलं, "पण मग पलीकडच्या बाजूनेही पन्हळीपर्यंत यावं लागतं. ते कोण करणार?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. "ते तुम्ही."

"डोंगर डावा घालून?"

"महादेवाला चालतं."

पुढच्या रविवारी मी एकटाच कैनाडवरून उलटा निघालो. स्वतःला शिव्या घालत तलासरी गाठलं, तिकडचा सोपा चढ चढलो, आणि ताडाच्या वळणावर मावशीने विचारलं, "काका कुठं?" "खाली आहेत," म्हटलं आणि उतरलो. मोरीच्या पलीकडे साडू कठड्यावर बसले होते. मी अलीकडे थांबलो. मध्ये वाहतं पाणी. ते ओलांडायचं नाही, म्हणून त्यांनी तिथूनच चिकू फेकले, मी झेलले. दोघांनी आपापल्या बाजूला बसून खाल्ले.

आता मलाही आल्या वाटेने जायचं होतं, म्हणजे समोर तोच चढ. मी सवयीने सायकल हातात धरली, तर मागून हाक आली, "साडूबुवा, बसा की वर." आयुष्यात पहिल्यांदा मी तिथे पेडल मारलं. मांड्या पेटल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले, ताडाचं वळण अंगावर आलं, आणि खालून तो आवाज आला, माझ्या सायकलला उद्देशून, तिला गुजरातीचं अक्षर कळत नसताना: "चाल बेन, चाल, हवे थोडुंज छे!" कसा वर गेलो मला माहीत नाही. टपरीशी पोचलो तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. खालून ओरडून विचारणं झालं, "टेकला का?"

मावशीच रस्त्याच्या कडेला येऊन ओरडली, "नाय टेकला, काका! धरा आजची!"

खालून सायकलची घंटी वाजली, एकदा, मग पुन्हा, जरा लांबून. साडू गेल्या वाटेने घरी निघाले होते.