उदबत्तीचा धूर

"वास येतोय काय?"

गॅरेजमध्ये पाय ठेवलेल्या प्रत्येकाला मामांचा पहिला प्रश्न हाच. नाव, गाव, गाडी कुठली हे सगळं नंतर. हातातला पाना खाली ठेवून ते समोरच्याच्या नाकाकडे टक लावून बघायचे. नवखा माणूस दचकून स्वतःचा शर्ट हुंगायचा.

मामांना स्वतःला वास यायचा नाही. उद्यमनगरात सायलेन्सरची कामं करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि वेल्डिंगचा, गाड्यांचा धूर खाऊन नाक कायमचं बंद झालं. बोलणं मात्र एवढं मोठं की गल्लीच्या टोकाला ऐकू जावं. दुसऱ्याच्या गाडीला सायलेन्सर बसवणाऱ्या या माणसाला आधी एक बसवा, असं लोक म्हणायचे.

सगळेच त्यांना मामा म्हणायचे; मी त्यांना दुपारचा जेवणाचा डबा द्यायची. झाकण काढून डबा ते आधी माझ्यापुढं धरायचे. "वैनी, तुमी वास घ्या. बरा हाय म्हनला की खातो." सकाळी मीच रांधलेलं, तरी रोज हुंगून दाखवायला लागायचं. गॅरेजमधली माणसं बघत असायची, मला फार लाज वाटायची.

एकदा धीर करून विचारलं, "माझ्यावर विश्वास न्हाय व्हय, मामा?"

"तुमच्यावर हाय की. उन्हावर न्हाय!" आणि केवढ्यानं हसले.

आमची एक जुनी व्हॅन आहे. माझा नवरा तिच्यातून लोकांना पन्हाळा दाखवून आणतो. सकाळी जाता जाता आमच्या सुमीला कॉलेजला सोडतो. ती मागच्या सीटवर बसते. व्हॅन घाट चढताना दमायला लागली, तेव्हा स्टँडवर कुणीतरी सुमीच्या वडिलांच्या डोक्यात भरवलं, की सायलेन्सरचा डबा काढून टाक, नळी सरळ कर आणि तिचं तोंड मागं न नेता बाजूलाच काढ. गाडी पळेल आणि आवाजही भारी येईल.

मी जेवणाचा डबा घेऊन गेले तेव्हा गॅरेजात मामांची आणि माझ्या नवऱ्याची जुंपली होती.

"मी न्हाय करायचो," मामा म्हणत होते.

"दुसऱ्यांच्या करताय की!"

"त्यांचा पत्रा धड असतोय, भावा. तुझी गाडी खालनं चाळण झालीया. नळीचं तोंड दाराखाली आलं की धूर सरळ आत."

"जरा धूर आला म्हणून काय मरतंय व्हय कोण?"

मामांनी माझ्याकडं मान वळवली. "वैनी, चुलीचं धुराडं छपराच्या खालीच कापलं तर काय हुईल?"

नवऱ्यासमोर मी काय बोलणार? खाली बघतच म्हणाले, "डोळं चुरचुरतील."

"चुरचुरतील, म्हणून माणूस भाईर तरी पळंल. पर ह्या धुरात एक इख असतंय, त्याला वास न्हाय, रंग न्हाय. माझ्या वळखीचा एक ड्रायवर काचा लावून, इंजान चालू ठेवून गाडीत निजला. तसाच गावला." हे सांगताना मामांचा आवाज मी पहिल्यांदा खाली आलेला ऐकला. "वास येतोय तवर बरं. येत न्हाय तितंच भ्याचं."

सुमीच्या वडिलांनी काम दुसरीकडं करून घेतलं. व्हॅन डरकाळ्या फोडायला लागली आणि ते खूश झाले. मी मात्र रोज ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी राहायची.

थंडी पडली, काचा बंद झाल्या. सुमी म्हणायला लागली, "आई, कॉलेज येईपतूर डोकं गच्च हुतंय. उतरलं की बरं वाटतंय." वडील म्हणाले, "मोबाईल बघ अजून!" सुट्टीच्या दिवशी तिचं डोकं दुखायचं नाही, हे मी मनात धरून होते. बोलायची हिंमत नव्हती.

मग एक दिवस कॉलेजच्या गेटवर तिला हाका माराव्या लागल्या. तोंडावर पाणी मारल्यावर ती जागी झाली. घरी येऊन वडिलांनी हसत सांगितलं, "तुझी लेक गाडीतच घोरती की गं!" माझे हात पिठात तसेच राहिले.

दुपारी डबा नेला, हुंगला, मान हलवली. पण तिथून पाय निघेना.

"काय वैनी, आंबलंय काय?"

"सुमीचं डोकं दुखतंय, मामा. गाडीतनं उतरलं की ऱ्हातंय."

मामांनी तोंडाजवळ नेलेला घास परत डब्यात ठेवला.

उदबत्तीचा पुडा घेऊन ते तसेच आमच्या गल्लीत आले. सुमीचे वडील व्हॅन धूत होते. त्यांनी आधी मामांकडं आणि मग माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरले.

"मागच्या सीटवर बस," मामा त्यांना म्हणाले. "काचा लाव." मला म्हणाले, "वैनी, चावी फिरवा." ते रस्त्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकले आणि पेटवलेल्या उदबत्त्या नळीच्या सांध्यापाशी धरल्या. धूर सरळ गेला तर सांधा चांगला, थरथरून वळला तर तिथून गळती, अशी त्यांची रीत.

शेजारच्या काकूंना वाटलं, गाडीची पूजा आहे. त्या हळदीकुंकू घेऊन धावत आल्या आणि बॉनेटला बोटं ओढून गेल्यासुद्धा.

मी चावी फिरवून उतरले आणि बाहेरून काचेतून बघत राहिले. सुमीच्या वडिलांच्या पायापाशी धुराची बारीक रेघ उठली. मग दुसरी.

"वास येतोय काय?" मामा खालून ओरडले.

"येतोय," आतून आवाज आला. "मोगऱ्याचा."

"मोगऱ्याचा यील. त्याच्यासंगं जे आत आलंय, त्याचा न्हाय यायचा. उतर भाईर!"

ते उतरले. सुमीच्या जागेकडं बघत दाराला धरून कितीतरी वेळ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी व्हॅन मामांच्या दारात लावून आले.

मामांनी तळाला पत्रा मारला, सायलेन्सरचा डबा परत बसवला, नळी पार बंपरच्या मागं नेली. व्हॅन घाटात पुन्हा दमते. तिला आता कुणी काही म्हणत नाही.

गाडी परत देताना मामा मला म्हणाले, "पत्रा जुना हाय, वैनी. परत सडणार. तुमीच बघत जावा. धूर वळला तर पोरीला बसवायची न्हाय."

पुढं त्यांना धाप लागायला लागली. बहीण शिरोळकडं असते, ती त्यांना घेऊन गेली. त्यांच्या गॅरेजच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. बहिणीकडं त्यांचं ताट आधी कोण हुंगून देतं, कोण जाणे.

मी रोज सकाळी इंजिन चालू करायला लावून व्हॅनखाली उदबत्ती धरते. काकू लांबूनच हात जोडतात. धूर सरळ जातो. मग सुमी बसते, दार लागतं, आणि मी काचेला तोंड लावून विचारते, "वास येतोय काय?"

"न्हाय गं आई!"

उदबत्तीचा वास आत गेला नाही, म्हणजे पत्रा शाबूत आहे. हे मला कळतं. तरी तिचं 'न्हाय' ऐकलं की थंडी असो नाहीतर पाऊस, मी तिला काच खाली करायला लावते.