आत शिरायचा अधिकार

कालव्याच्या खात्यात मी कनिष्ठ अभियंता होते. पाणी कुठे मुरतंय याचा तपास करायला कुणाच्याही आवारात शिरायचा अधिकार कायद्याने आम्हाला दिलेला. वाचायला काय झकास वाटतं हो! पण तेव्हा पुण्यात जिकडेतिकडे काचेच्या इमारती उठत होत्या, आणि तिथला रखवालदार पहिलं काय विचारणार, तर "अपॉइंटमेंट आहे का?"

अशाच एका सॉफ्टवेअर कंपनीने कालव्याचा भराव आपल्या कंपाउंडच्या भिंतीच्या आत घेऊन त्यावर हिरवळ लावली होती. भिंतीखाली वस्ती. तिथल्या एका बाईंच्या स्वयंपाकघरात फरशीच्या फटींतून पाणी वर यायला लागलं. भराव खचला तर पहिलं घर त्यांचंच जाणार, हे त्यांनाही कळत होतं.

गळती बघायची तर भिंतीच्या आत जायला हवं. मी रखवालदाराला कलमाची झेरॉक्स दाखवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि रजिस्टर पुढे सरकवलं. "कोणाला भेटायचंय?" अहो, उंदराच्या बिळाला भेटायचंय! भराव गळतो तो बहुधा अशा बिळांतूनच. तीन दिवस मला लॉबीत बसवून ठेवलं. ॲडमिनचे साहेब मीटिंगमध्ये. आमच्या साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, "सामोपचाराने घ्या." डोक्याची नुसती मंडई झाली.

चौथ्या दिवशी त्या बाईच माझ्या ऑफिसात आल्या. हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेला.

"मॅडम, कोपऱ्यातल्या झाडाखाली भोक आहे. अख्खा हात आत गेला माझा."

"तुम्ही आत गेलात कशा?"

"कशा म्हणजे? तिथंच झाडू मारते की रोज."

तीन दिवसांत हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. कपाळावर हात मारून घेतला.

नेमकी जागा कळल्यावर आमचे साहेब हलले. कालव्याचं पाणी बंद झालं, कंपनीचं गेट उघडलं, भोक बुजवलं. बाईंची फरशी आठवड्यात सुकली.

अहवालात 'गळती कोणी शोधली' या रकान्यात मी त्यांचं नाव लिहिलं. दुसऱ्याचं श्रेय ढापायची मला भारी चीड. अहवालाची एक प्रत रीतसर कंपनीला गेली.

पुढच्या सोमवारी बाई परत दारात उभ्या. आतली माहिती बाहेर दिली म्हणून कंपनीने कामावरून काढलं होतं. मी भडकलेच. म्हटलं, थांबा, नोटीस काढते, जाब विचारते, मला अधिकार आहे.

"ते राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "माझं नाव कशाला लिहिलंत?"