सटवाईची अक्षरं

बाई बोलता बोलता उजव्या हाताचं बोट हवेत उजवीकडून डावीकडे फिरवायच्या. नारायणगावच्या आमच्या कॉलेजात कोणी त्यांच्या विषयावरून टिंगल केली, की आधी ते बोट फिरायचं आणि मग ठरलेलं वाक्य यायचं, "आधी वाचा, मग बोला."

त्या इतिहास शिकवायच्या, मी लायब्ररीत होते. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळे पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरताना मला फार ऐट वाटायची. ती ऐट बाईंना आवडायची. "अशीच राहा," म्हणायच्या, "नाहीतर लोक किल्ली काढून घेतात."

बाई बेल्ह्याच्या शेतकरी घरातल्या सूनबाई. घरी बैल, कांदा, सासू, सगळं यथास्थित. आणि अभ्यास कशाचा, तर आपल्या कोकणातल्या बेने इस्राएली लोकांचा. पिढ्यानपिढ्या तिथं राहिलेले ज्यू. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या म्हाताऱ्या बायका नऊवारी नेसतात, गळ्यात काळी पोत घालतात आणि आपल्या धर्मग्रंथातल्या पूर्वजांच्या कथा मराठीत गातात. ती गाणी बाई टेपरेकॉर्डरवर उतरवून आणायच्या.

स्टाफरूममध्ये हा विषय चहाबरोबर चघळला जायचा.

"काय बाई, दारात शिवनेरी असताना इस्रायलला निघालात?"

"अलिबागला निघालेय. एसटीनं. तुमच्यासाठी पांढरे कांदे आणू का?"

दुसरा म्हणायचा, "पण याचा आपल्या मुलांना उपयोग काय?"

तेव्हा बाई खिडकीतून खोडदच्या दिशेनं हात करायच्या. "तिकडं शास्त्रज्ञ अँटेना लावून आकाशातलं ऐकतात. त्यांना विचारलंत कधी उपयोग? मी अलिबागच्या माजघरातलं ऐकते. तेवढं लांबही नाही."

पुण्यात एक वयस्कर बेने इस्राएली आजीबाई होत्या. त्यांच्याकडून बाई उजवीकडून डावीकडे लिहायची हिब्रू लिपी आणि थोडी भाषाही शिकल्या. सुट्टीच्या दिवशी जायच्या, येताना एखादं अक्षर घेऊन यायच्या आणि सोमवारी माझ्या टेबलावर बसून गिरवायच्या. एकदा त्या आजीबाईंकडून मलिद्याचा डबा आणला होता. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळांच्या फोडी. नवस फेडायला करतात म्हणे. स्टाफरूममध्ये डबा उघडला, तर टिंगल करणारेच आधी पुढे आले. बाईंनी डबा मागे ओढला. "आधी कोणाचा ते विचारा, मग खा." विचारलं सगळ्यांनी. डबा घासूनपुसून खाल्लाही.

आता त्या दगडाचं सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आंबेगाव तालुक्यात घोड नदीवरच्या धरणाचं पाणी चढत होतं. वरच्या अंगाची गावं उठत होती. त्यातल्या एका गावात माझी मावशी दिलेली. ती म्हणाली, "आमच्या सटवाईच्या दगडावर देवीनं सोता लिवलेलं हाय. कुणाला वाचाया येत न्हाई." सटवाई तुम्हाला ठाऊकच आहे. पाचवीच्या रात्री बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते ती. तिचं लिहिलेलं माणसाला वाचता येत नाही, म्हणून न वाचता येणारी अक्षरं असलेला दगड तो तिचाच, हे गावानं केव्हाच ठरवून टाकलेलं. आसपासच्या वाड्यांतल्या बाळंतिणी तिथं हळद वाहायच्या.

मी हे सहज बाईंना सांगितलं. त्यांचं बोट हवेत फिरायचं थांबलं. पुढच्याच रविवारी आम्ही जीपनं घोडेगाव आणि तिथून पुढे चालत त्या गावी.

नदीकाठी करवंदीच्या जाळीत गुडघ्याएवढा काळा दगड. हळदीची पुटं चढलेली. बाईंनी पदर ओला करून ती हलक्या हातानं पुसली. मग बोट उजव्या कडेला टेकवलं आणि डावीकडे सरकवत नेलं. ओठ हलत होते. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग तिथंच मातीत बसल्या.

"सटवाई नाही गं. बाई आहे. रिबका नाव. बाळंतपणात गेली, लेकरासकट. नवऱ्यानं दगड लावलाय."

कोण, कुठली, इथं कशी आली, हे दगडावर नव्हतं. इंग्रजांच्या काळात सडकेच्या नाहीतर जंगलाच्या नोकरीवर कोणी कोकणातला माणूस आला असेल, एवढाच बाईंचा अंदाज. अंदाजाला त्या अंदाजच म्हणायच्या.

पंचाईत पुढे होती. गाव उठताना देव बरोबर न्यायचे ठरले होते. मारुती, म्हसोबा आणि सटवाई यांच्यासाठी टेम्पो सांगितला होता. म्हणजे सटवाई म्हणून हा दगड वाचणार होता. कबर म्हणून त्याला पाण्यात सोडणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

मी परतताना म्हणाले, "बाई, गप्प राहू. नव्या गावात दगड सुखरूप जाऊ दे. मग सांगू."

"मग कधी? शेंदराखाली अक्षरं गेल्यावर?" बाई तडकल्या. "एका बाईचं नाव पुसून तिला वाचवायचं, याला वाचवणं म्हणतात का? मी सांगणार."

पुण्याच्या आजीबाईंनाही त्यांनी विचारून घेतलं. आजी म्हणाल्या, हाडं आहेत तिथं राहू द्या, त्यांना हलवू नका. नाव मात्र कोरडं ठेवा.

देव उचलायच्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा हलगी वाजत होती. टेम्पोत मारुती बसलेला. गावचे कारभारी आबा दगडाला नारळ फोडायच्या बेतात. बाई पुढे झाल्या आणि खणखणीत आवाजात सगळं सांगितलं. हलगी थांबली.

"म्हंजी आमी इतकी वर्सं मढ्याला हळद लावली?" आबा म्हणाले.

"माणसाला लावली. बिघडलं काय?"

"कशावरनं खरं? तुमी म्हनता म्हून?"

"हे बघा, वाचते." बाईंनी बोट टेकवून अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. ते कोणाला समजणार?

आबांनी नारळ परत पिशवीत टाकला. "ऱ्हाऊ द्या हितंच. परक्याचा दगूड नव्या गावात नगं. पावणं, टेम्पो काढा."

बाईंनी बाजूला पडलेली पहार उचलली. "ठीक आहे. मी माझ्या दारात नेते, बेल्ह्याला."

"आन सासू घरात घेईल का?" मागून कोणीतरी टोमणा मारला.

"दगडाला घेईल. मला घेईल का ते बघू." असं म्हणून बाईंनी पदर खोचला आणि पहार दगडाच्या बुडाशी घातली. कधी पहार न धरलेले हात, पहिल्याच घावाला कातडं सोललं. मीही खाली बसून हातानं माती ओढायला लागले. गाव नुसतं बघत उभं.

तेवढ्यात हौसाआजी गर्दीतून पुढे आली. गावची सुईण. डोळ्यांना कमी दिसायचं.

"थांब गं लेकी. काय नाव म्हनलीस तिचं?"

"रिबका."

"बाळतपनात गेली?"

"हो. पोरासकट."

आजीनं दगडावर हात ठेवला. "माजी थोरली बी तशीच गेली. तिचा तर दगूड बी न्हाई कुटं." मग आबांकडे वळली. "आबा, तू आडवा आला व्हतास. तुजी आय रातभर वरडत व्हती आन मी हितं यिऊन हिच्यापाशी डोकं टेकवलं व्हतं. तवा ही परकी नव्हती व्हय रं?"

 आबांनी टेम्पोवाल्याला हात केला. "उचला."

चार जणांनी दगड उचलला. पण बाईंचं भांडण संपलं नव्हतं.

"अक्षरांवर शेंदूर लावायचा नाही."

"आगं, देवाला शेंदूर लागतुया," आजी म्हणाली.

"ती देव नाही, आजी."

"तू लई हट्टी हायेस. बरं, कडंकडंनं लावू. मधी न्हाई. झालं?"

बाई हसल्या. त्या दिवसातलं ते पहिलं हसू. मग त्यांनी आजीचं बोट धरून त्या नावावरून उजवीकडून डावीकडे फिरवलं. "ही चार अक्षरं म्हणजे रिबका." आजीनं टेम्पो सुटेपर्यंत तेच चालवलं होतं.

यावर बाईंनी लेख लिहिला. एका मासिकानं विषय स्थानिक वाचकांच्या जवळचा नाही म्हणून परत केला. बाईंनी त्यांना पोस्टकार्ड टाकलं, "दगड स्थानिक आहे. येऊन उचलून बघा." लेख पुढे दुसरीकडे छापून आला. आमच्या लायब्ररीतला अंक मी दाराजवळ, सगळ्यांना दिसेल असा लावला. तो कोणी हलवला नाही, कारण किल्ली माझ्याकडे होती.

नंतर काही वर्षांनी बाई आजारी पडल्या. मी भेटायला गेले तेव्हा टेपरेकॉर्डर उशाशी होता. म्हणाल्या, "माझ्यावर लिहायची खुमखुमी येईल तुला. लिही. पण लेखात माझं नाव नको. तिचं लिही. माझं सांगायला गाव आहे, तिला कोण आहे?" म्हणून या लेखात बाईंचं नाव नाही. वाद घालायची सोय त्यांनी कधीच ठेवली नाही.

त्या गेल्यावर मी नव्या गावी गेले. हौसाआजीही गेली होती. दगड गावाच्या वेशीवर, सिमेंटच्या चौथऱ्यावर. कडेनं शेंदूर, मधली अक्षरं धुतलेली, स्वच्छ. आजीची सून एका बाळंतिणीला घेऊन आली होती. मी तिला बाई गेल्याचं सांगितलं.

तिनं बाळंतिणीला चौथऱ्यापाशी बसवलं. मग म्हणाली, "आमी आपलं बाईच म्हनायचो. नाव काय व्हतं त्यांचं?"

मी सांगितलं. तिनं ते हळूच म्हणून पाहिलं. मग बाळंतिणीच्या मांडीवरच्या पोरीचा इवलासा हात धरला, तिचं बोट दगडाच्या उजव्या कडेला टेकवलं आणि डावीकडे फिरवू लागली.