कोरून काढलेला बाबा

नववीच्या वर्गाला लाकडी ठोकळ्यांवरून छपाई शिकवताना मी भराभर इंग्रजी शब्द वापरले. मी इंग्रजी माध्यमातली, मराठीत चुकायची भीती वाटायची. कोरलेल्या भागाला शाई लागत नाही, तो कागदावर पांढराच राहतो, एवढं साधं सांगायचं राहून गेलं.

मिरकरवाडा बंदरावरून येणाऱ्या एका मुलीने होडीत उभे असलेले आपले वडील काढायला घेतले. मागच्या वर्षी ते समुद्रावर गेले ते परत आले नाहीत. होडीवरचा त्यांचा एकही फोटो नव्हता, म्हणून हे चित्र तिला आईला द्यायचं होतं. आठवडाभर खपून तिने त्यांचा सगळा आकार खोल कोरून काढला.

कागद उचलला, तर काळ्या होडीत नाकडोळे नसलेला पांढरा माणूस.

“अगो, भूत काढलंस काय?” मागच्या बाकावरची एकजण म्हणाली.

“चूक माझी आहे,” मी सगळ्यांसमोर म्हटलं. “मी नीट सांगितलंच नाही. नवा ठोकळा देते.”

तिने ठोकळ्यावरची शाई पुसली. वडिलांच्या खळग्यात बोट घालून ते खांद्यापासून पायापर्यंत सावकाश फिरवलं.

“कागद नको, मॅडम. आयेला हा ठोकळाच देते.”

मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.